सातव्या पट्ट्याचे लाड

३ नोव्हेंबर

चि. भावजी,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी सोबत आठ पिशव्या आहेत. गाडीवाला उतरवून देईल. पिशव्या फोडायच्या आधी हे पत्र दोनदा वाचा. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा तुम्ही वाचत नाही असं जाऊबाई सांगतात, म्हणून दोनदा.

आमच्या बियाणे कंपनीत गव्हाचे आठ नवे वाण शेवटच्या परीक्षेला बसलेत. सहा शेतकऱ्यांच्या शेतांत हे आठही पेरायचे, प्रत्येकाचा एक लांब पट्टा. कुठल्या पिशवीत कुणाचा वाण आहे ते पिशवीवर लिहिलेलं नाही, फक्त क्रमांक आहेत आणि तेही प्रत्येक शेतात वेगळे. त्यांची यादी कार्यालयाच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली थोरल्या मॅडमच्या पर्समध्ये. या आमच्या सगळ्यांच्या वरच्या. तीस वर्षांत गहू सोडून दुसऱ्या विषयावर बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. मार्चमध्ये त्या आठांतला एकच निवडतील. तो बाजारात जाईल, बाकीचे सात शीतगृहात.

तेव्हा आठही पट्टे एकाच दिवशी पेरा. सगळ्यांना एकच खत, मोजून पाच पाणी. लाडका-दोडका अजिबात नाही. आठवड्याची नोंद छापील कागदावर लिहून दर शनिवारी टपालात टाकायची. फोनवरचे आकडे आम्ही घेत नाही, गेल्या वर्षी त्यावरून दोन मोठ्या माणसांची हमरीतुमरी झाली. त्याच पाकिटात घरचं पत्र घातलंत तरी चालेल.

आणि हो, तुमचं शेत मी सुचवलेलं नाही. उलट मी बैठकीत सांगितलं, नियम ऐकला की या माणसाच्या अंगावर पुरळ उठतं. पण तुमची जमीन सपाट निघाली. जमिनीचे आभार माना.

तुमची वहिनी

१६ नोव्हेंबर

ती. वहिनी,

अर्धा नमस्कार. उरलेला अर्धा खालच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर.

बारा तारखेला पेरलं. रस्त्याकडेच्या तुकड्यात, दोरी धरून आठ पट्टे. दोरीचं दुसरं टोक तुमच्या जाऊबाईंच्या हातात होतं, त्यामुळे रेघा सरळ आल्या आणि माझी दिवसभर खरडपट्टी निघाली. पाट्या ठोकल्या, एक ते आठ. नोंदीचा कागद सोबत आहे.

आता प्रश्न. यातला तुमचा कुठला?

माहीत नाही म्हणू नका. दादाशी बोललोय मी. आठांत एक तुमचा आहे, नऊ वर्षं खपून केलेला, आणि तो मागे पडला तर तुमची रवानगी मक्याच्या विभागात. दादा म्हणाला, हल्ली ती झोपेत दाणे मोजते. वहिनी, मक्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, पण तुम्ही आणि मका? माझ्या लग्नाच्या फोटोत सगळं घर कॅमेऱ्याकडे बघतंय आणि तुम्ही एकट्या कुंपणापलीकडच्या गव्हाकडे. तो फोटो अजून भिंतीवर आहे. आलेला प्रत्येक जण विचारतो, ह्या बाईंचं काय हरवलंय?

सांगून टाका. बोटं दाखवा, खाकरा, काहीही करा. माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही.

तुमचा विश्वासू (बायको हसते आहे) दीर

१ डिसेंबर

चि. भावजी,

नाही सांगणार.

तुमच्या पोटात काय राहतं ते मी अनुभवलंय. नोकरी लागल्याचं तुम्हाला गुरुवारी सांगितलं होतं, शुक्रवारी सकाळी दूधवाल्याने माझं अभिनंदन केलं. शिवाय मला खरंच माहीत नाही. बोटभर असताना सगळे गहू सारखेच दिसतात. पोटरीत आला, म्हणजे ओंबी आत भरून खोड फुगलं, की मी माझा ओळखेन. पण ओळखला तरी सांगणार नाही.

पाच जानेवारीला आम्ही पाहणीला येतोय. थोरल्या मॅडम, मी आणि माझा एक सहकारी. त्याचाही एक वाण या आठांत आहे. आमच्यासमोर शहाण्यासारखं वागा. मॅडमपुढे मला वहिनी म्हणू नका.

नऊ वर्षांचं मात्र तुमच्या दादांनी खरं सांगितलं. पहिल्या वर्षी चिमट्याने ओंबीतले पुंकेसर एकेक करून उपटले, दुसऱ्या गव्हाचा पराग त्यावर झटकला आणि वर कागदी पिशवी चढवली. अशा शंभर ओंब्या केल्या. वाऱ्याने पिशव्या नेल्या, उंदरांनी ओंब्या नेल्या, शेवटी हाती लागले अकरा दाणे. त्यातल्या एका दाण्याची ही सगळी लेकरं. जिवाला घोर आहे हो, नाही कशाला म्हणू? पण नियम माझ्यासाठी बदलायचा नसतो.

वहिनी

८ जानेवारी

ती. वहिनी,

पूर्ण नमस्कार. मला माझं उत्तर मिळालं.

पाहणी झकास झाली. मी तुम्हाला एकदाही वहिनी म्हटलं नाही. मॅडम म्हटलं तर तुम्हीच तोंड फिरवून हसलात, त्यात माझा काय दोष? थोरल्या मॅडम मला आवडल्या. चहा घेणार का विचारलं तर म्हणाल्या, मातीत ओल किती आहे? पण तो सहकारी! चिखलात कुणी टाय घालून येतं का? पाटावरून उडी मारताना टाय उडून त्याच्या तोंडावर बसला आणि हे महाशय थेट पाण्यात. मी त्याचं नाव टायवाला ठेवलंय.

तुम्ही तिघं पट्टे बघत होतात तेव्हा मी तुमच्या पायांकडे बघत होतो. तोंडावर तुम्ही काही दिसू देत नाही, पण पाय कुठे रेंगाळतात आणि कुठे भराभर निघतात ते लपत नाही. मला जे कळायचं ते कळलं. आता तुम्ही काही सांगू नका, मीही विचारणार नाही. निर्धास्त राहा. शेतावर घरचं माणूस आहे.

दीर

१४ जानेवारी

चि. भावजी,

तुम्हाला काय कळलं ते मी विचारत नाही. तुमची नजर पहिल्यापासून तेज आहे, एवढं मात्र कबूल करते. आपलं जे असतं त्याच्याकडे चारचौघांत टक लावून बघू नये, हे तुम्हाला बरोबर कळतं. यापेक्षा जास्त लिहिणं बरं नाही.

एक काम आहे. सातव्या पट्ट्यावर तांबेरा दिसतो का, ते रोज बघा. पानं उलटून बघा. नारिंगी भुकटी बोटाला लागली तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. सातव्याची पानं किती रुंद आहेत, उंची किती, सगळं लिहा. सातव्यापायी मला झोप लागेना झालीय.

टायवाल्याला हसू नका. तो हुशार आहे. मला त्याच्या हुशारीचाच त्रास होतो.

वहिनी

२६ जानेवारी

ती. वहिनी,

तुमच्या सातव्याच्या काळजीने माझंच काळीज हललं. आता निवांत झोपा. पानं उलटून उलटून माझी मान आखडली. तांबेऱ्याचा एक ठिपका सापडला होता, ते पान तोडून चुलीत घातलं. पुन्हा यायची हिंमत नाही करणार.

सातवा काय सुंदर निसवलाय म्हणून सांगू! ओंब्या सगळ्या बाहेर आल्यात, वीतभर लांब. उंची माझ्या छातीला लागते. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवतात. बाकीचे सातजण आपापल्या जागी बरे आहेत. तिसरा बुटका आहे, जरा घुमा वाटतो, पण असेना.

पाणी नियमाप्रमाणे सगळ्यांना सारखंच. कागदावर लिहिलंय बघा. आता सातव्याजवळ पाट जरा फुटला आणि पाणी तिकडे वळलं, तर त्याला मी काय करू? पाटाला तुमचा छापील कागद वाचता येत नाही.

दीर

१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ताई, तुमचा तो सातवा एवढा नाजूक आहे का हो?

पाहणी झाल्यापासून हे माणूस घरात नाही. दुपारी मी जरा आडवी झाले की ह्यांचं फावडं गायब. पाट काही आपोआप फुटत नाही, हे फोडतात आणि संध्याकाळी लिंपतात. बाकीच्यांची चार पाणी झाली, सातव्याची आठ मी स्वतः मोजलीत. युरियाच्या दोन बादल्या जास्तीच्या टाकल्या. मी विचारलं तर म्हणाले, वहिनींची नऊ वर्षं आहेत ती, तुला नाही कळायचं. माझा चांगला निळा गाऊन काठीला चढवून सातव्यात उभा केलाय, चिमण्यांसाठी. सहाव्यात आणि आठव्यात चिमण्या खुशाल जेवतायत, त्यांना हे काही बोलत नाहीत.

परवा मी शेतावर डबा घेऊन गेले तर हे सातव्याशी बोलत होते. "दमलास का रे?" असं विचारत होते. सोळा वर्षांत मला एकदा विचारलं असतं तर!

तुम्हाला सांगायला नको म्हणाले होते. पण तुमच्या नोकरीला काही झालं तर उगाच मला रुखरुख. वाचून फाडून टाका.

तुमची धाकटी जाऊ

१८ फेब्रुवारी

भावजी,

सकाळपासून चार वेळा फोन केला. चारही वेळा जाऊबाई म्हणतात, सातव्यात आहेत. म्हणून हे पत्र गाडीवाल्याच्या हातात देते आहे. उभ्या उभ्या वाचा.

सातवा माझा नाही! सातवा टायवाल्याचा आहे!

माझा तिसरा. बुटका, घुमा, जाड खोडाचा तो तिसरा माझा. तिसऱ्यापुढून मी मान खाली घालून गेले ती तो माझा होता म्हणून. पाहिलं असतं तर मॅडमना तोंडावरून कळलं असतं. सातवा त्याचा हे मी बघताच ओळखलं आणि तिथेच खिळले, इतका तो देखणा होता. तांबेऱ्याचं विचारत होते ते तांबेरा यावा म्हणून, अहो! देवा, काय लिहून बसले मी. पण आहे ते असंच आहे. तुम्ही पाट फुटल्याचं लिहिलंत ते मी थट्टेवारी नेलं, खरं आता कळलं.

आता काय करू? तेरा मार्चला मॅडम येतील. आठांत तुमचा तो सातवा राजासारखा उभा असेल, आणि त्याला खतपाणी घातलं माझ्या सख्ख्या दिराने. माझी नऊ वर्षं माझ्याच घरच्या माणसाने बुडवली. मी चिडलेय. हसूही येतंय, आणि त्यामुळे जास्तच चिडलेय.

फावडं घरी ठेवा. सातव्याला एक थेंब देऊ नका. आणि कृपा करून तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला तुमच्या प्रेमाची गरज नाही.

वहिनी

२१ फेब्रुवारी

ती. वहिनी,

कुठल्या तोंडाने लिहू? पत्र पाटावर बसून वाचलं. फावडं हातातून पडलं ते पायावर. अंगठा काळानिळा झालाय, ही शिक्षा तुमच्यातर्फे समजतो.

तिसऱ्याची माफी मागून आलो. त्याने नेहमीसारखं काही उत्तर दिलं नाही.

पण मी हातपाय गाळून बसणारा नाही. उपाय शोधलाय. आपली तांबडी गाय तुम्हाला माहीत आहेच, दावं सैल असलं की कुठेही शिरते. तिला जर कुणी बाराच्या सुमारास सातव्याच्या कडेला बांधलं आणि गाठ मारायला विसरलं, तर संध्याकाळपर्यंत टायवाल्याचं अर्धं काम तमाम. जनावराचं कोण काय करणार? तुम्ही फक्त हो म्हणा. उघड हो म्हणवत नसेल तर पुढच्या पत्रात नुसती गायीची चौकशी करा, मी हो समजून घेईन.

दीर

२४ फेब्रुवारी

भावजी,

गायीची चौकशी करत नाही. ती दावणीलाच राहू द्या, गाठ जाऊबाईंना मारायला सांगा.

मॅडमना सगळं सांगावं लागेल. रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. आज तर आत गेले. त्यांनी विचारलं, काय? मी म्हटलं, पंखा फार आवाज करतो. त्यांनी पंखा दुरुस्त करून घेतला.

वहिनी

६ मार्च

ती. वहिनी,

बसा. पाणी प्या. मग वाचा.

काल दुपारी वारा सुटला. छपराचे पत्रे वाजायला लागले, वाळत घातलेले कपडे थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यात. तासाभराने थांबला तेव्हा शेतावर गेलो. वहिनी, सातवा लोळला! अख्खा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीला चिकटून आडवा. वर तो निळा गाऊन पसरलेला. उंची जास्त, ओंब्या जड, मुळाशी माझ्या आठ पाण्यांनी भुसभुशीत झालेली माती. तो उभा राहणार कसा? आणि तुमचा तिसरा? जसा काल होता तसाच. एक काडी वाकडी नाही.

गाय गोठ्यात होती, बायकोला विचारा. मी काही केलं नाही. म्हणजे जे केलं ते आधीच केलं होतं.

आता तुम्ही तोंड उघडायचं कारणच उरलं नाही. तेराला मॅडम येतील, बघतील, तिसऱ्यावर बोट ठेवतील. पंखाबिंखा काय दुरुस्त करायचा असेल तो करा, पण गप्प राहा. मक्याला माझा राम राम सांगा!

दीर

१५ मार्च

चि. भावजी,

परवा तुम्ही टायवाल्याला पाहिलंत. टाय काढून खिशात कोंबला आणि आडव्या पडलेल्या ओंब्या एकेक उचलून बघत बसला. तुम्ही त्याला पाणी नेऊन दिलंत, तेही मी पाहिलं. परतीच्या गाडीत तो फक्त एकदा बोलला. म्हणाला, अकरा वर्षं झाली. त्याची अकरा वर्षं, भावजी. माझ्यापेक्षा दोन जास्त.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. मॅडमनी यादी उघडली, क्रमांक जुळवले आणि माझ्या वाणावर पेन टेकवलं. सही व्हायची तेवढी बाकी. आणि मी उठून उभी राहिले.

सगळं सांगितलं. पाट, युरिया, गाऊन. टायवाला माझ्याकडे बघत राहिला. मग जे तुम्हालाही माहीत नाही ते सांगितलं. जानेवारीत तुम्ही लिहिलंत की मला कळलं. मला वाटलं, तिसरा ओळखलात. आणि आता हा माणूस तिसऱ्याचे लाड करणार, हेही मला त्याच क्षणी समजलं. एका ओळीत थांबवता आलं असतं. मी ती ओळ लिहायला घेतली आणि खोडली. उलट तुमच्या नजरेचं कौतुक केलं. तुमचा पट्टा चुकला एवढाच तुमच्या-माझ्या गुन्ह्यातला फरक. मला शरम वाटते, भावजी. तुम्हाला लिहितानाही वाटते.

टायवाला म्हणाला, तर मग हे शेत बाद करा. बरोबरच होतं त्याचं. बाकीच्या पाच शेतांत त्याचा वाण माझ्यापेक्षा पुढे होता. थोडासाच, पण पुढे. मी मनाने मक्यात जाऊन उभी राहिले.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग मला विचारलं, "हे तुमचे दीर काही जगावेगळे आहेत का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. बाकीच्या शेतकऱ्यांसारखेच आहेत."

"म्हणजे पीक डोळ्यात भरलं की हात सैल सोडणारे?"

"हो."

"मग गेली तीस वर्षं आपण मोजून पाच पाणी देतोय ते कुणासाठी? ज्याच्यावर शेतकऱ्याचा जीव जडला की जो आडवा होतो, असा गहू मी लोकांना कसा विकू? आणि तुमचा उभा राहिला म्हणता, पण त्याचे लाड तर कुणी केलेच नाहीत. तो पडणार नाही कशावरून?"

 तेव्हा निर्णय असा: या वर्षी निवड नाही. पुढच्या हंगामात फक्त दोन वाण, त्याचा आणि माझा, सहाही शेतांत. प्रत्येकाचे दोन पट्टे. एक नियमाचा आणि एक लाडाचा. लाड किती करायचे ते आठ पाणी, दोन बादल्या युरिया असं छापून येणार आहे. थोडक्यात, तुमचा गुन्हा आता कंपनीची पद्धत झाली. त्यात ऐट करण्यासारखं काही नाही.

मला लेखी ताकीद मिळाली आणि पेरणीपर्यंत मक्याच्या विभागात पाठवलंय. मका उंच असतो. त्यात शिरून कुणी रडलं तर बाहेरून दिसत नाही, एवढी सोय आहे.

वहिनी

१२ जानेवारी

चि. भावजी,

मक्यातून सुटले. दोन्ही वाण पोटरीत आल्याचं तुमच्या नोंदीवरून कळलं. आता लाडाच्या पट्ट्यांचं जास्तीचं पाणी सुरू होईल.

या वेळी कुणाचा कुठला ते तुम्हाला पाटीवरच लिहून दिलंय. म्हणून ती ओळ आज लिहिते, खोडत नाही: माझ्या गव्हावर हात राखू नका. टायवाल्याच्या पट्ट्यात जेवढं पाणी सोडाल तेवढंच माझ्या पट्ट्यात सोडा, शेवटच्या बादलीपर्यंत. पडायचाच असेल तर तुमच्या हातून पडू द्या. शेतकऱ्यांच्या शेतात पडून त्यांचे शिव्याशाप घेण्यापेक्षा ते बरं.

मला भीती वाटते. तुम्हालाही वाटत असणार, म्हणून लिहिलं.

वहिनी

९ मार्च

ती. वहिनी,

तुम्हाला काय सांगू, या वर्षीसारखं जड फावडं मी आयुष्यात उचललेलं नाही. गेल्या वर्षी शत्रूला लाडाने वाढवलं आणि या वर्षी घरच्याला लाडाने पाडायला निघालो. पहिली सात पाणी कशीबशी सोडली. आठवं परवाचं. आभाळ भरून आलं होतं, वाऱ्याची चिन्हं सरळ दिसत होती. टायवाल्याच्या पट्ट्यात पाणी सोडलं आणि तुमच्या पट्ट्याच्या तोंडाशी येऊन थांबलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. नोंदीच्या कागदावर आठ लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? खोटं लिहायला माझा हात काही नवखा नाही. दहा मिनिटं तसाच उभा होतो. तुम्हाला दहा शिव्या दिल्या, त्या मोठ्या मनाने माफ करा. मग पाट फोडला. पाणी आत गेलं. शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं बघितलं आणि घरी आलो.

काल वारा सुटला. गेल्या वर्षीपेक्षा जोराचा. गोठ्यावरचा एक पत्रा उडाला. मी खिडकी लावून भिंतीकडे तोंड करून बसलो. वारा थांबल्यावर बायको म्हणाली, चला बघू. मी म्हटलं, माझ्याच्याने बघवणार नाही, तू जा. ती एकटीच गेली.

अर्ध्या तासाने आली. दारात चपला काढल्या. हातपाय धुतले. तोंड पुसलं. माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, आधी जेवून घ्या. मी म्हटलं, अगं, सांग तरी! म्हणाली, जेवल्याशिवाय सांगणार नाही.  वाईट बातमीच रिकाम्या पोटी देत नाहीत ना, वहिनी. तिने पान वाढलं.  वरून दुसऱ्यांदा वाढलं, तेही संपवायला लावलं. मी डोळे भरून येतील म्हणून मान खाली घालून जेवत होतो आणि मनात तुम्हाला लिहायचं पत्र जुळवत होतो. पहिली ओळच सापडत नव्हती.

मग पान उचलताना ती म्हणाली, "टायवाल्याचा झोपला. ताईंचा उभा आहे."

मी म्हटलं, "नीट बघितलंस?"

म्हणाली, "आत शिरून बघितलं. सगळा उभा आहे. माझ्या निळ्या गाऊनबद्दल तुम्हाला एवढं तरी थांबवायचंच होतं."

तुमचा दीर